आधी पाय मोजा, मग बूट

नोव्हेंबरमधली गोष्ट. इशाची नमाज झाली होती, जेवणं आटोपली होती आणि मी सहावीच्या मराठी निबंधाच्या वह्या तपासत बसले होते. फोन वाजला. माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. आठवीपर्यंत आमच्या उर्दू शाळेत शिकली, आता चंद्रपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सलाम-दुआ झाली आणि तिनं एकदम विचारलं, "आपा, बर्फात चालायला कोणते बूट घ्यायचे?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो. दुपारी डांबर चपलेला चिकटतं. इथल्या माणसाची बर्फाशी ओळख म्हणजे गोळ्याची गाडी आणि लग्नाच्या मांडवात पाण्याच्या ड्रममध्ये टाकलेली लादी. त्यावर कोणी चालतं, त्यासाठी वेगळे बूट लागतात, हा प्रश्न आमच्या गल्लीत याआधी कोणाला पडला असेल असं मला वाटत नाही.

कॉलेजच्या मुलामुलींचा एक गट डिसेंबरच्या शेवटी उत्तराखंडात केदारकंठाला निघाला होता. उंची साधारण १२,५०० फूट. हिला घरून परवानगी मिळायला दोन महिने लागले होते. वडील तयार, आई अर्धी तयार, दादी अजिबात नाही. दादीचं एकच वाक्य, "पायीची वहाण पायीच बरी." ही म्हण मुलीबाळींना, सुनांना आणि गरिबाला त्याची जागा दाखवायला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. आमच्या घरांत उर्दू बोलली जाते, पण टोमणा मारायचा असला की मराठी म्हण बरोबर आठवते.

पोरीनं पुढे विचारलं, "अब्बूंचे खाणीतले सेफ्टी शूज आहेत, ते चालतील का? मामू म्हणतात, स्नोशूज घे. नेटवर दहा-बारा हजाराला दिसतात. अब्बू उसने काढायला तयार आहेत."

मी तिला दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत जे आठवलं, जे वाचलं आणि जे जाणकारांना विचारून घेतलं, ते इथे लिहिते आहे. मी गिर्यारोहक नाही, बी.एड. झालेली भाषेची शिक्षिका आहे. पण हा प्रश्न फक्त बुटाचा नाही, हे मला लिहिता लिहिता कळत गेलं.

आधी माझी स्वतःची फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षिका मिळून काश्मीरला गेलो होतो. गुलमर्गच्या वाटेवर भाड्यानं कोट आणि गमबूट मिळतात, ते घेतले. थंडी वाजू नये म्हणून मी सुती मोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक चढवल्या आणि पाय बुटात अक्षरशः कोंबला. अर्ध्या तासात बोटं बधिर झाली. मला वाटलं, दोन मोजे कमी पडले, तीन घालायला हवे होते. खरं तर उलटं होतं. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पायाला ऊब देतं ते रक्तच. शिवाय सुती कापड घाम शोषतं आणि ओलंच राहतं. ओला पाय बर्फात किती वेळ तग धरणार?

त्याच दिवशी दुसरा धडा मिळाला. फोटोसाठी मी मळलेली वाट सोडून दोन पावलं बाजूला गेले आणि गुडघ्याच्या वरपर्यंत आत रुतले. एक पाय काढावा तर दुसरा आणखी खोल. दोघी सहकाऱ्यांनी ओढून काढलं. तेवढ्यात एक स्थानिक माणूस त्याच बर्फावरून आरामात चालत गेला. त्याच्या बुटाखाली टेनिसच्या रॅकेटसारखी काहीतरी रुंद चौकट बांधलेली होती. ते स्नोशू. नाव ऐकून बूट वाटतो, पण तो बूट नव्हेच. तो बुटाखाली बांधायचा तराफा आहे.

त्यामागचं तत्त्व आपल्या पोरांना आठवीतच शिकवलं जातं. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. उंटाचा पाय पसरट असतो म्हणून तो वाळूत रुतत नाही, हे आपण घोकलेलं असतं. आता गणित मांडून बघू. पोरीचं वजन ५५ किलो, पाठीवरची पिशवी आणि जाड कपडे धरून ६५ किलो. चालताना एका क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो. बुटाच्या तळव्याचं क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तीनशे ग्रॅमहून थोडा जास्त भार. साधारण २२ इंच लांब आणि ८ इंच रुंद स्नोशूचं क्षेत्रफळ हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. भार एकदम पाचपट कमी. पाय थोडा रुततो तरी, पण गुडघ्याएवढा नाही.

हे गणित पुस्तकाआधी माणसाच्या पायाला कळलेलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या क्री, ओजिब्वे अशा आदिवासी जमातींनी लाकूड वाकवून चौकट केली, त्यात कच्च्या चामड्याची जाळी विणली आणि त्यावर ते हिवाळाभर शिकार करत फिरले. आज ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक आलं, पण तत्त्व त्यांचंच आहे. आमच्या गडचिरोलीत रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरून बघा. म्हशीचा खूर चिखलात फाकतो आणि ती पाऊल काढून पुढे जाते. शहरातून आलेला साहेब टाचेचा बूट घालून उतरतो आणि बूट तिथेच सोडून येतो.

मग स्नोशू निवडायचा कसा? कंपनी आणि रंग नंतर बघावेत. आधी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, भार किती? फक्त अंगाचं वजन धरून चालत नाही. पिशवी, पाणी, ओले कपडे सगळं धरायचं. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, पण ढोबळमानानं ७०-८० किलोपर्यंत २२ इंची, ९०-१०० किलोपर्यंत २५ इंची आणि त्याहून जास्त भाराला ३० इंची लागतो. मोठा घेतला की जास्त चांगला, असं नाही. गरजेपेक्षा मोठा स्नोशू म्हणजे प्रत्येक पावलाला उचलायचं जादा ओझं, आणि उजवा डाव्यावर पडून तोंडघशी पडण्याची सोय. बायकांसाठी थोड्या अरुंद चौकटी मिळतात. आपण दोन पायांत जेवढं अंतर ठेवून चालतो त्यात त्या बसतात.

दुसरा प्रश्न, बर्फ कसा? नुकताच पडलेला, पिठासारखा भुसभुशीत बर्फ असेल तर मोठं क्षेत्रफळ हवं. दबलेला, रात्री गोठून कडक झालेला असेल तर छोटा स्नोशू पुरतो, तिथे खरी गरज असते खालच्या दातांची. आणि निव्वळ काचेसारखा बर्फ असेल तर स्नोशू बाजूला ठेवून बुटाला लोखंडी दात बांधायचे.

तिसरा प्रश्न, वाट कशी? सपाट माळ असेल तर साधी बांधणी चालते. चढ असेल तर पुढच्या बाजूला, चवड्याखाली, धारदार दात हवेत आणि टाचेखाली उचलून धरणारी तार हवी. ती तार उभी केली की चढावर पोटरीवरचा ताण कमी होतो. बांधणी अशी हवी की पुढचा भाग घट्ट राहील आणि टाच मोकळी उचलली जाईल. आणि पट्टे हातमोजे घालून सोडता-बांधता आले पाहिजेत, हे दुकानातच करून बघायचं. उणे तापमानात उघड्या बोटांनी बक्कल ओढत बसणं म्हणजे पाय वाचवून हात घालवणं.

हे सगळं मी वहीत लिहून काढलं आणि तिसऱ्या दिवशी पोरीला फोन केला. म्हटलं, "स्नोशू घेऊ नकोस."

ती हिरमुसली. पण कारण साधं होतं. केदारकंठाच्या वाटेवरून हिवाळ्यात शेकडो लोक जातात. पुढच्यांच्या पावलांनी बर्फ दाबला जातो आणि वाट मळलेली राहते. अशा वाटेवर रुतण्यापेक्षा घसरण्याची भीती जास्त. तिथे मायक्रोस्पाइक्स लागतात, म्हणजे बुटावर ओढून बसवायचं रबर आणि त्याखाली साखळीला जोडलेले लोखंडी दात. जोडीला गेटर्स, म्हणजे घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत गुंडाळायचं जाड, पाणी न शिरणारं कापड, जेणेकरून बर्फ बुटात वरून घुसत नाही. ह्या दोन्ही वस्तू सांकरीत, जिथून ट्रेक सुरू होतो तिथे, भाड्यानं मिळतात. स्नोशू लागतो तो ताज्या बर्फात, जिथे आपल्याआधी कोणी गेलेलं नाही. अशा वेळीही पहिल्यांदा भाड्यानं घ्यावा. दहा हजार उसने काढून एकदा बांधायची वस्तू माळ्यावर ठेवणं आपल्याला परवडत नाही.

"आणि अब्बूंचे सेफ्टी शूज?"

ते तर नाहीच. खाणीत अंगठ्यावर दगड पडू नये म्हणून त्या बुटाच्या पुढे पोलादी वाटी असते. बर्फात तीच वाटी थंडी थेट बोटांपर्यंत पोहोचवते. शिवाय बूट अब्बूंच्या पायाचा. तिची टाच आत दोन बोटं हलणार, म्हणजे पहिल्या दिवसअखेर फोड नक्की. अब्बूंच्या बुटानं अब्बूंना तीस वर्षं वाचवलं, ते त्या जमिनीवर. जमीन बदलली की तोच बूट वैरी होतो.

पैसे घालायचे तर पायातल्या बुटात घाल, असं मी तिला सांगितलं. घोटा झाकणारा, पाणी न शिरणारा, खोल नक्षीच्या तळव्याचा ट्रेकिंगचा बूट. घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि डोंगरातही सुजणार आहेत. जे लोकरी मोजे तिकडे घालणार, तेच घालून बघ. उभं राहिल्यावर बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी आणि आत बोटं हलवता आली पाहिजेत. मग उतरणीवर चालून बघ. बोटं पुढे आपटली तर बूट लहान आहे, उतरताना नखं काळी होतील. चढताना टाच उचलली गेली तर मोठा आहे. आणि निघायच्या किमान तीन-चार आठवडे आधी घेऊन रोज वापर. नवा कोरा बूट घालून डोंगरावर जाऊ नये.

रोज कुठे चालायचं, हा चंद्रपुरातला वेगळाच प्रश्न. पहाटे अंधारात शहराबाहेरच्या रस्त्यानं जाऊ नको म्हटलं, आपल्याकडे त्या वेळेला वाघही फिरायला निघालेला असतो. ती आणि तिची मैत्रीण रोज संध्याकाळी पिशवीत पुस्तकं भरून रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिल्या. एका रविवारी वडील दोघींना गडचांदूरच्या पुढे माणिकगडावर घेऊन गेले. तिथे तिला पहिल्यांदा कळलं की डाव्या पायाची करंगळी घासते. लेस बांधायची पद्धत बदलली, त्रास गेला. हेच सांकरीच्या पुढे कळलं असतं तर?

बूट घेतानाचा एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. एका दुकानात तिला मुलींचा म्हणून गुलाबी पट्ट्यांचा, आत खोट्या फरचा बूट दाखवला गेला. वर मोठ्या अक्षरांत 'स्नो' लिहिलेलं. तळवा मात्र बाथरूमच्या चपलेसारखा गुळगुळीत. ती म्हणाली, मला तो मुलांचा दाखवा. उत्तर आलं, "तो तुमच्या मापात येत नाही. आणि तुम्हाला काय, फोटोच काढायचे ना?" दुकानदाराचं नाव घेत नाही, कारण ही एकाची गोष्ट नाही. मुलगी बर्फात जाते ती फोटोसाठी, हे आधीच ठरलेलं असतं. शेवटी तिनं नागपूरहून दोन फेऱ्यांत स्वतःच्या मापाचा बूट आणला.

मी एवढ्या बारकाव्यानं का बोलत होते, ते तिलाही ठाऊक होतं. तिची बोटं गारठली असती, ती अर्ध्या वाटेतून परत आली असती, तर घरात कोणी म्हटलं नसतं की बूट चुकला. म्हटलं गेलं असतं, मुलीचं हे कामच नव्हे. तिच्या पाठी दोन बहिणी आहेत. एका चुकीच्या बुटाची किंमत त्या दोघींनी मोजली असती. मुलगा परत आला तर तो दमला असं म्हणतात. मुलगी परत आली की वाटच बंद होते.

आता महाग आणि स्वस्तबद्दल. काश्मीरमध्ये पुलहोर नावाची पादत्राणं असत, धानाच्या पेंढ्याची वळलेली. गरीब माणूस ती घालून बर्फात फिरे. झिजली की नवी वळायची. पेंढ्यात हवा अडकते, ऊब टिकते आणि बर्फावर पकड मिळते. आमच्या धानपट्ट्यात तोच पेंढा आहे, पण बर्फ नाही म्हणून ती विद्या नाही. लडाखमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालत जातात, त्याला चादर ट्रेक म्हणतात. तिथे स्थानिक लोक आणि पाहुणेही पायात काय घालतात? साधे रबरी गमबूट! कारण बर्फावर मधेच पाणी येतं आणि त्या पाण्यापुढे भारी ट्रेकिंगच्या बुटाचं काही चालत नाही. तेच गमबूट, जे गुलमर्गला माझ्या पायात होते. तिथे चूक गमबुटाची नव्हती, मोजे कोंबणाऱ्या बाईची होती.

या बाबतीत आमच्या फिक्हच्या किताबांतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. वजूत पाय धुवावे लागतात. पण वजू करून चामड्याचे मोजे घातले असतील, तर पुढच्या वजूला त्यांच्यावरून ओला हात फिरवला तरी पुरतो. मुक्कामी माणसाला एक दिवस-एक रात्र, मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री ही सवलत आहे. कोणता मोजा चालेल याच्या अटी हनफी फिक्हनं घालून दिल्या आहेत. तो घोटा झाकणारा हवा. न बांधता पायावर टिकायला हवा. पाणी आत झिरपू नये. पायाच्या तीन बोटांएवढं भोक त्याला नसावं. आणि तो घालून काही मैल चालता आलं पाहिजे. नीट वाचा, ही जवळजवळ हिवाळी बुटाची यादी आहे. यात किंमत नाही, चमक नाही. पाय, पाणी आणि चालणं, एवढंच आहे. मदरशात ही अटींची यादी पाठ करणारी पोरं आपल्याकडे खूप आहेत. त्यामागे थंडीत चालणाऱ्या मुसाफिराचा पाय उभा आहे, हे त्यांना कोणी दाखवायला हवं.

"आपा, ज्या पोरांच्या पायात धड चप्पल नाही, तिथे बर्फाच्या बुटाचं काय घेऊन बसलात?" स्टाफरूममध्ये मला हे विचारलं गेलं. प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे.

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बोर्डा, देवाडा, जिवती इथल्या आश्रमशाळांमधली आदिवासी मुलं एव्हरेस्टवर गेली. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाचा तो उपक्रम, 'मिशन शौर्य'. दहा जण गेले, त्यांपैकी मनीषा धुर्वे, कविदास काठमोडे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे आणि विकास सोयाम हे पाच जण शिखरावर पोहोचले. त्याआधी चार वर्षं, २५ मे २०१४ ला, शेजारच्या तेलंगणातली मालावत पूर्णा ही आदिवासी मुलगी शिखरावर पोहोचली होती, वय चौदाही पूर्ण नव्हतं. तीही सरकारी निवासी शाळेतली. आमची मुलं दार्जिलिंगला, लडाखला सराव करून मग तिकडे गेली.

आपण त्यांचे सत्कार केले, फलक लावले, भाषणांत 'जिद्द' हा शब्द शंभर वेळा उच्चारला. जिद्द होतीच. पण नुसत्या जिद्दीनं बोटं वाचत नाहीत. एव्हरेस्टवर जाणाऱ्याच्या पायात दुहेरी बूट असतो. आत ऊब धरणारा वेगळा काढता येणारा बूट, बाहेर कडक कवच, वर गुडघ्यापर्यंत गेटर, खाली लोखंडी दात. जोडीचं वजन दोन-अडीच किलो. असा बूट अंदाजानं देता येत नाही, तो त्या पायाला बसवावा लागतो. म्हणजे त्या मुलांच्या बाबतीत व्यवस्थेनं पाय महत्त्वाचा मानला. त्यांना नेमकं काय लागतं हे विचारलं आणि ते पुरवलं. निकाल जगानं पाहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाय मोजून घ्यायला पोरानं एव्हरेस्टवर जायची वाट का बघायची?

२०२३ मध्ये राज्य सरकारनं सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचं ठरवलं. दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये. १७० रुपयांत कसला बूट येतो, हे बाजारात जाणाऱ्या कोणालाही कळतं. तरी निर्णय चांगला होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण बूट कसे मागवले जातात? वर्गावरून. दुसरीला हा नंबर, पाचवीला तो. मीही पहिल्यांदा हेच केलं. कागदावर आकडे लिहिले, सही केली. बूट आले, वाटप झालं, फोटो निघाले. पंधरा दिवसांत निम्म्या वर्गाच्या पायात पुन्हा स्लिपर. मी पोरांना रागावले, "फुकट मिळालं की किंमत नसते!" चौथीतल्या एका मुलानं काही न बोलता बूट काढून मला टाच दाखवली. कातडी सोललेली होती.

मला गुलमर्ग आठवलं. तिथेही मी पायाचं न ऐकता बुटात पाय कोंबला होता. फरक एवढाच की तेव्हा पाय माझा होता.

माझी पहिली नोकरी गडचिरोलीत होती. पावसाळ्यात तिथली पोरं नाला ओलांडून शाळेत यायची ती चपला हातात घेऊन. मला तेव्हा वाटायचं, ह्यांना चपलेची सवय नाही. खरं कारण नंतर कळलं. चिखल चप्पल ओढतो, पट्टा तुटतो आणि तुटलेली चप्पल पुढच्या बाजारापर्यंत शिवून मिळत नाही. अनवाणी चालणं हा त्यांचा हिशेब होता. मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणारी बाई, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारा मजूर यांच्या पायांना काटा, विंचू, साप सगळं ठाऊक असतं. साप बहुतेक वेळा गुडघ्याखालीच चावतो, म्हणजे घोट्याच्या वर येणारा साधा गमबूट अनेकदा जीव वाचवू शकतो. आपण या माणसांना 'काटक' म्हणतो आणि मोकळे होतो. काटक हा शब्द अनेकदा आपली जबाबदारी टाळण्यासाठी असतो.

म्हणून बर्फाच्या बुटाची चर्चा ही चैन नाही. ज्या तीन प्रश्नांनी स्नोशू निवडायचा, त्याच तीन प्रश्नांनी शाळेचा बूटही निवडायचा आहे. भार किती? पाठीवरचं दप्तर धरून. जमीन कशी? मुरूम, चिखल, की डांबर. वाट किती? अर्धा किलोमीटर, की नाला ओलांडून तीन. आणि सगळ्यांच्या आधी, पाय केवढा?

पोरगी जानेवारीत परत आली. शिखरावर पोहोचली. दुसऱ्या मुक्कामी गटातल्या एका मुलाची बोटं पांढरी पडली, तो ती बर्फानं चोळायला निघाला होता. हिनं त्याला थांबवलं. गारठलेला पाय चोळायचा नाही, थेट शेकोटीवर धरायचा नाही, कोरडा करून अंगाच्या उबेनं हळूहळू गरम करायचा, हे तिला पाठ होतं. मला तिच्या शिखरावरच्या फोटोपेक्षा हे ऐकून जास्त आनंद झाला. दादीनं फोटो पाहिला आणि विचारलं म्हणे, "पाय तो सलामत है ना?" एवढंच. पण म्हण काही पुन्हा ऐकू आली नाही.

फेब्रुवारीत ती शाळेत आली. आम्ही दोघींनी जुन्या वर्तमानपत्रांचे कागद वर्गात अंथरले. एकेक मूल त्यावर उभं राहिलं, पेन्सिलनं पाय आखला, पट्टीनं लांबी-रुंदी मोजली, पुढे वाढीसाठी एक बोट जागा धरली आणि नावापुढे लिहून ठेवली. दोन्ही पाय मोजले, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. मोठ्या पायाचं माप धरायचं. सगळ्या शाळेला दोन दुपारी लागल्या. खर्च काहीच नाही. पोरांना गुदगुल्या होत होत्या, वर्गात नुसता हशा चालला होता. चौथीतला तो मुलगा आता पाचवीत जाईल. वर्गाच्या हिशेबानं त्याला जो बूट मिळाला होता, त्याहून त्याचा पाय दोन नंबर मोठा निघाला.

हे वाचणाऱ्या माझ्या शिक्षक भाऊ-बहिणींना एक विनंती आहे. जूनची मागणी जायच्या आत हे करून बघा. वर्तमानपत्र आणि पेन्सिल प्रत्येक शाळेत आहे. १७० रुपयांचे दोनशे आपल्या हातात नाही, पण कागदावरचा आकडा खरा लिहिणं आपल्या हातात आहे. आणि तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीनं विचारलं की बर्फात चालायला कोणते बूट घ्यायचे, तर हसू नका. आधी तिला कागदावर उभी करा.